घडण जुनी, अंगठी नवी
(रंगीत खड्याची अंगठी घेण्याआधी वाचावे)

या अंगठ्यांचा ट्रे काढला की पहिला प्रश्न ठरलेला : "ही खरंच जुनी आहे का हो?" नाही. घडण १९२०-३० च्या काळातली, अंगठी मात्र यंदाचीच. म्हणून तिला दुर्मिळ वस्तूचा भाव आम्ही लावत नाही.

चौकोनी खडा, त्यावर पायऱ्यापायऱ्यांचे पैलू, दोन्ही खांद्यांना कोनाकोनांची नक्षी. मरीन ड्राइव्हच्या इमारती ज्या आर्ट डेको शैलीत उभ्या राहिल्या, तीच ही शैली. कोंदणाच्या कडेला बारीक रव्यांची रांग असते, ती भिंगातून जरूर पाहा. प्रत्येक रवा सुटा आणि गोल दिसला तर कारागिराने कडेवर हात फिरवलाय. रवे एकमेकांत मिसळलेले असतील तर अंगठी साच्यातून काढून तशीच पॉलिश केलेली आहे.

सोनं १८ कॅरेटच का?
१८ कॅरेट म्हणजे ७५ टक्के सोनं. इथे घरातली मोठी माणसं नाक मुरडतात. पाटल्या-बांगड्यांसाठी २२ कॅरेटचा आग्रह बरोबरच आहे, पण ते सोनं मऊ. खडा धरणारी नखं कपड्याला, ड्रॉवरला अडकून उघडतात आणि खडा कुठे पडला ते कळतही नाही. २२ च हवं असेल तर चहूबाजूंनी पट्टी असलेलं बंद कोंदण घ्या. नखांची अंगठी आम्ही २२ मध्ये करून देत नाही.

खडा कोणता?
साध्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात. मोह्‌सच्या मापावर, म्हणजे कठीणपणा मोजणाऱ्या १ ते १० च्या पट्टीवर, ते ७ वर. माणिक आणि नीलम ९ वर, त्यामुळे रोज वापरूनही चकाकी टिकते. पाचू ७.५ ते ८ म्हणजे धुळीला पुरून उरतो, पण त्याच्या पोटात जन्मजात चिरा असतात आणि ओट्यावर आपटला की तिथूनच तडकतो. मोती आणि पोवळं तर ४ च्या आसपास किंवा त्याखाली. कणीक, भांडी, स्कूटर सगळं अंगठीसकट होणार असेल तर माणिक किंवा नीलम घ्या. पाचू लग्नाकार्याला.

बाजारातले बहुतेक माणिक तापवून रंग खुलवलेले असतात आणि पाचूच्या चिरांत तेल भरलेलं असतं. हे जगभर चालतं, फक्त बिलावर तसं लिहिलेलं हवं. काच भरलेला माणिक मात्र आम्ही ठेवत नाही. शिशाच्या काचेने भेगा बुजवलेला तो खडा लिंबाचा रस किंवा सोनं जोडायला डाक देतानाची आच सोसत नाही.

आजीच्या अंगठीतला खडा नव्या घडणीत बसवायचाय? आधी दाखवा. १९०२ मध्ये फ्रान्सच्या ऑग्युस्त व्हेर्नॉय यांनी ज्वाळेत माणिक तयार करण्याची रीत जाहीर केली आणि पुढे असे खडे दागिन्यांत सर्रास आले. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचा माणिकही कारखान्यातला असू शकतो. भिंगाखाली त्यातल्या रेषा ग्रामोफोनच्या तबकडीवरच्यासारख्या वळलेल्या दिसतात. खाणीतल्या खड्यात त्या सरळ असतात. रसायन तेच, किंमत मात्र नगण्य. आठवण म्हणून हौसेने बसवा.

राशीचा खडा कोणता, हे आम्ही सांगत नाही. ते ज्योतिषांना विचारा. खडा बोटाला लागायला हवा असेल तर ऑर्डर देतानाच सांगा, मागची बाजू तशी उघडी ठेवू.

बिल आणि हॉलमार्क
अंगठीच्या आत बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, शुद्धतेचा आकडा (१८ कॅरेटला ७५०) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक असतो. तो बीआयएस केअर अॅपवर टाकून तपासा, दुकानात उभं राहूनच. हॉलमार्क सोन्यापुरता; खड्यासाठी प्रयोगशाळेचं सर्टिफिकेट वेगळं. बिलात सोन्याचं निव्वळ वजन, खड्याचं वजन आणि घडणावळ स्वतंत्र हवी. खड्याचं कॅरेट म्हणजे शुद्धता नव्हे, वजन : दोन कॅरेटचा खडा ०.४ ग्रॅम भरतो. तो सोन्याच्या भावाने विकत घेतलात तर मोडीच्या वेळी तेवढं वजन वजा होणार.

नंतर
कोमट पाणी, सौम्य साबण आणि लहान मुलांचा मऊ ब्रश पुरे. पाचू गरम पाण्यात किंवा अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये घालू नका. चिरांतलं तेल निघून जातं आणि चिरा उघड्या पडतात. सहा महिन्यांनी अंगठी आणा, नखं तपासून घट्ट करून देऊ, पैसे पडत नाहीत. माप लहानमोठं करताना खडा आधी उतरवतो, त्यामुळे अंगठी लगेच हातात मिळणार नाही.