टॉर्क व्हेक्टरिंग: आतल्या चाकाला ब्रेक की बाहेरच्या चाकाला जोर?

स्पोर्टी लक्झरी क्रॉसओव्हरच्या माहितीपत्रकातल्या ‘टॉर्क व्हेक्टरिंग’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या यंत्रणा विकल्या जातात. एक वळणात आतल्या चाकाला हलकासा ब्रेक लावते. दुसरी बाहेरच्या चाकाला जास्त टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, देते. नाक दोन्हींमुळे आत वळतं. फरक हिशेबात आहे.

साधा डिफरन्शियल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी, दोन्ही बाजूंना सारखाच टॉर्क देतो. समजा मागच्या प्रत्येक चाकाला ४०० न्यूटन मीटर मिळतोय. आतल्या चाकाचे १५० ब्रेकने खाल्ले, तर आत २५० उरले आणि बाहेर ४००च राहिले. गाडी वळवणारा फरक मिळाला, पण एकूण जोर ८०० वरून ६५० वर उतरला. तो ८०० वर राखायचा तर इंजिनाने ९५० पुरवायला हवेत: बाहेर ४७५, आत ३२५ आणि उरलेले १५० डिस्क तापवण्यात खर्ची. डिफरन्शियलच्या जागी दोन्ही बाजूंना क्लच (चकत्या दाबून जोर कमी-जास्त पोचवणारी जोडणी) असलेली यंत्रणा हेच ४७५-३२५ वाटप जवळपास ८०० मध्येच भागवते.

आता इंजिनाचा प्रतिसाद. ब्रेकवाल्या गाडीला ते वाढीव १५० त्याच क्षणी हवे असतात. टर्बो इंजिन कमी आरपीएमवर असेल तर बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) येईपर्यंत गाडी वळणातून बाहेर पडताना ढिम्म वाटते, आणि सगळा दोष इंजिनाच्या माथी जातो. म्हणून खालचा गिअर वळणात शिरण्याआधीच टाकून ठेवावा.

क्लचवाल्याची अडचण वेगळी. बाहेरचं चाक वळणात आधीच जास्त वेगाने फिरतं, आणि क्लचची इंजिनाकडची बाजू चाकापेक्षा जलद फिरत असेल तरच तो चाकाला पुढे ढकलतो. म्हणून ॲक्युरा एमडीएक्समध्ये मागच्या क्लचकडे जाणारा भाग पुढच्या चाकांच्या हिशेबापेक्षा मुद्दाम जलद फिरवलेला असतो: आधी १.७ टक्के, नंतरच्या आवृत्तीत २.७. मागच्या चाकांमधलं अंतर १.७ मीटर आणि वळणाची त्रिज्या ३० मीटर धरली, तर बाहेरचं चाक गाडीच्या मध्यापेक्षा २.८ टक्के जास्त अंतर कापतं. वळणात पुढची चाकंही मागच्यांपेक्षा जरा मोठ्या वर्तुळात फिरत असल्याने प्रत्यक्ष गरज २.४ च्या आसपास, म्हणजे आवाक्यात. पण १२ मीटर त्रिज्येच्या तीव्र वळणावर ती ४ टक्क्यांच्या वर जाते, तिथे ही युक्ती थकते. शिवाय ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की वाटायला टॉर्कच फारसा उरत नाही. २००८ च्या बीएमडब्ल्यू एक्स६ मध्ये त्यासाठी क्लचच्या जोडीला प्लॅनेटरी गिअर (मधल्या गिअरभोवती फिरणारे छोटे गिअर) दिले होते. ते पाय उचलल्यावरही काम करत. उत्तर देखणं, पण वजनदार आणि खर्चिक.

पोर्शे केयेनचं ‘पीटीव्ही प्लस’ हे टॉर्क व्हेक्टरिंग ब्रेकवाल्या घरातलंच, सोबत इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियल लॉक.

देखभालीतही दोघांचे रस्ते वेगळे. सलग वळणांच्या रस्त्यावर जोरात चालवली की ब्रेकवालीचे मागचे पॅड आणि डिस्क तापतात. मागचे पॅड पुढच्यांच्या आधी संपत असतील तर पहिला संशय इथेच घ्यावा. क्लचवालीत मागच्या युनिटचं तेल महत्त्वाचं: चुकीचं किंवा जुनं तेल असेल तर हळू वळताना मागून थरथर येते.

क्लचवालीचा खरा शत्रू मात्र एकच बदललेला टायर. ७४० मिलिमीटर व्यासाच्या टायरवर ३ मिलिमीटर जास्त ट्रेड (रबराची नक्षी) म्हणजे व्यासात ६ मिलिमीटर, ०.८ टक्के. त्या २.७ टक्क्यांच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याएवढा फरक तिथेच पडला, आणि सरळ रस्त्यावरही दोन्ही बाजूंचे क्लच सारखे घसरत नाहीत. टायर बदलायचे तर चारही बदला.