स्पायवेअर

संगणक वापरणाऱ्याच्या नकळत त्याची माहिती गोळा करून ती इंटरनेटवरून भलत्याच कोणाकडे पोहोचवणारे सॉफ्टवेअर. व्हायरस स्वतःच्या प्रती काढत पसरतो. स्पायवेअरला पसरण्यात सहसा रस नसतो, ते एकाच संगणकात गुपचूप मुक्काम ठोकते. त्याचे प्रकार अनेक. कीलॉगर दाबलेली प्रत्येक कळ नोंदवतो. ब्राउझर हायजॅकर होमपेज आणि सर्च इंजिन परस्पर बदलतो. सर्वांत घातक इन्फोस्टीलर: ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड आणि लॉगिन टिकवून ठेवणाऱ्या कुकीज (वेबसाइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी) तो उचलतो आणि काम उरकल्यावर बऱ्याचदा स्वतःला पुसून टाकतो. अशी कुकी हाती लागली की पासवर्ड किंवा ओटीपी न देताही खात्यात शिरता येते.

घरच्या संगणकात स्पायवेअर बहुधा आपल्याच क्लिकने येते. फुकटचे सॉफ्टवेअर इन्स्टॉल करताना ‘रेकमेंडेड’वर आधीच खूण असते, ‘कस्टम’ उघडून पाहिले तर सोबत येऊ घातलेला टूलबार किंवा कसला तरी ‘ऑप्टिमायझर’ दिसतो. घाईत ‘नेक्स्ट’ दाबत गेलो की तोही आत येतो. क्रॅक केलेली सॉफ्टवेअर, अपडेटच्या खोट्या सूचना, ईमेलच्या अटॅचमेंट या आणखी वाटा. नामांकित कंपनीचा माल म्हणून निर्धास्त राहावे असेही नाही. २००५ मध्ये सोनी बीएमजीच्या काही संगीत सीडी संगणकात घातल्या की कॉपी रोखणारे, स्वतःला लपवणारे सॉफ्टवेअर बसत असे. विंडोजचे जाणकार मार्क रुसिनोविच यांनी ते उघडकीस आणल्यावर कंपनीला त्या सीडी परत मागवाव्या लागल्या.

संगणक मंदावणे, जाहिराती उसळणे ही लक्षणे ढोबळ आहेत. कसलेले स्पायवेअर कसलाच मागमूस दाखवत नाही. म्हणून खरा बचाव ते आत येण्याआधीचा. रोजच्या वापरासाठी ॲडमिनिस्ट्रेटर नसलेले साधे खाते ठेवावे, म्हणजे संपूर्ण यंत्रणेत बदल करू पाहणारे सॉफ्टवेअर पासवर्ड मागितल्याशिवाय पुढे जात नाही. सिस्टीम आणि ब्राउझर अपडेट ठेवावेत, सॉफ्टवेअर मूळ निर्मात्याकडूनच घ्यावे. विंडोजमधला डिफेंडर हा अँटिव्हायरस चालू असला तर घरगुती वापराला सहसा पुरतो. ‘तुमच्या संगणकात स्पायवेअर सापडले’ असे वेबपेजवर ओरडणाऱ्या खिडकीतले सफाईचे सॉफ्टवेअर मात्र बहुतेक वेळा स्वतःच लबाड असते. ब्राउझर एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेली छोटी सॉफ्टवेअर, हीही अधूनमधून तपासावीत. चांगले एक्स्टेन्शन दुसऱ्या मालकाला विकले जाऊन नंतरच्या अपडेटमधून हेरगिरी सुरू झाल्याचे प्रकार घडले आहेत.

संसर्ग झाल्याचा संशय आल्यास आधी इंटरनेट तोडावे. पासवर्ड त्याच संगणकावरून बदलणे म्हणजे नवे पासवर्डही चोराच्या हाती देणे. ते दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून बदलावेत आणि प्रत्येक खात्यातून ‘सर्व उपकरणांवरून लॉग आउट’ करावे. मग कागदपत्रे आणि फोटो तेवढे बाजूला काढून सिस्टीम नव्याने टाकणे सर्वांत खात्रीचे. पाळत घरातल्याच माणसाने बसवली असेल तर गोष्ट वेगळी: स्पायवेअर काढताच त्याला सुगावा लागतो, पुरावाही जातो. अशा वेळी संगणकाला हात लावण्यापूर्वी, त्याच्या पाळतीबाहेरच्या फोनवरून विश्वासातल्या व्यक्तीशी किंवा मदत करणाऱ्या संस्थेशी बोलून घ्यावे.