धडधड होते म्हणून व्यायाम टाळताय?
(बडोद्याच्या दांडिया बाजारातील आमच्या व्यायाम केंद्रात नव्याने येणाऱ्यांसाठी)

प्रोफेसर माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या गावात व्यायामाचं महत्त्व आम्ही काय सांगायचं! पण हल्ली वजनापेक्षा "झोप लागत नाही, सारखी काळजी वाटते" म्हणून येणारे वाढलेत. हे पत्रक त्यांच्यासाठी.

काळजी डोक्यात सुरू होते, हे अर्धंच खरं. मेंदूपासून छाती-पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस या मज्जातंतूतले सुमारे 80 टक्के धागे उलट दिशेनं, अवयवांकडून मेंदूकडे निरोप नेतात. ठोके वाढले, पोटात गोळा आला, की मेंदू त्याचा अर्थ लावतो. ताणाखाली असला तर बहुधा वाईटच लावतो. मग धडधडीची भीती आणि भीतीनं आणखी धडधड.

नवरात्रात गरब्याच्या रिंगणात ठोके काय कमी असतात? कपडे घामानं चिंब, तरी कुणी घाबरत नाही. तीच धडधड ऑफिसात बसल्या जागी झाली की जीव घाबराघुबरा होतो.

म्हणून आमच्याकडे सुरुवात अशी: वीतभर उंच पायरीवर तीन मिनिटं चढ-उतार. मग खुर्चीत बसून बोटं मनगटावर ठेवायची आणि ठोके आपोआप उतरतात ते बघायचं. श्वास सोडताना नाडी किंचित मंदावते, म्हणून तो सावकाश सोडायला सांगतो. हे वरचेवर झालं की ठोके वाढणं म्हणजे संकट नव्हे, हे शरीरच मेंदूला पटवतं. आमच्या मते घाम गाळण्याइतकंच हे खुर्चीतलं बसणं महत्त्वाचं. नेमकं तेच लोक घाईत उरकतात.

स्नायूंचाही यात हात असावा. ताणात वाढणारं कायन्युरेनिन हे द्रव्य कसलेले स्नायू अशा रूपात बदलतात, की ते मेंदूत शिरू शकत नाही, असं स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटच्या संशोधकांना 2014 साली दिसलं. प्रयोग मुख्यतः उंदरांवरचा, तेव्हा त्यावर आम्ही जाहिरात करणार नाही.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. मध्यम म्हणजे बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही. कमाटीबागेतली भरभर फेरी यात धरा. बाकावरच्या गप्पा धरू नका. ठोके कमी ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर नाडीच्या आकड्यावर जाऊ नका, बोलण्याची हीच खूण वापरा.

छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, तर आधी डॉक्टर, मग आम्ही. थायरॉइड वाढल्यानं किंवा अंगात रक्त कमी असल्यानंही धडधड होते. काळजीवरच्या गोळ्या परस्पर बंद करू नका. व्यायाम त्यांच्या जोडीला आहे.

पहिल्या दिवशी औषधांची चिठ्ठी आणा. सेवउसळ खाऊन लगेच येऊ नका. मे महिन्यात शक्यतो सकाळचीच वेळ घ्या.