साष्टी : ठाणं ज्या बेटावर उभं आहे

कळव्याहून निघालेली लोकल पुलावर चढते, खाली खाडीचं पाणी दिसतं आणि मिनिटाभरात ठाणं येतं. मुख्य भूमी सोडून आपण एका बेटावर आलो, हे डब्यात कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. शाळेत मुंबईची सात बेटं पाठ करून घेतात. त्यांच्या उत्तरेला पसरलेलं, त्या सातांहून कितीतरी मोठं साष्टी बेट मात्र तिथं राहणाऱ्यांनाच ठाऊक नसतं, याची मला खरोखर खंत वाटते.

सह्याद्रीतून आलेली उल्हास नदी ठाण्याच्या वरच्या अंगाला फुटते. मोठा प्रवाह घोडबंदरला वळसा घालून वसईच्या खाडीतून समुद्राला मिळतो. बारीक फाटा ठाणे-कळव्याच्या मधून दक्षिणेला उतरतो, तीच ठाण्याची खाडी. पश्चिमेला अरबी समुद्र आहेच. शिलाहारांच्या लेखांत या प्रदेशाला ‘षट्षष्टी’, म्हणजे सहासष्ट गावांचा मुलूख, म्हटलं आहे. त्याची झाली साष्टी आणि पोर्तुगीजांच्या तोंडी साल्सेट. ठाण्याचं तेव्हाचं नाव स्थानक. १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात पाया खणताना शिलाहार राजा अरिकेसरीचा ताम्रपट सापडला. तो शके ९३९ चा, म्हणजे इसवी सन १०१७ चा आहे.

ठाण्याचा बहुतेक इतिहास घडला तो खाडीच्या त्या अरुंद गळ्यामुळे. पाणी ओलांडायला सोपी जागा तीच. म्हणून पोर्तुगीजांनी १७३० मध्ये तिथंच किल्ला बांधायला घेतला. तो पुरा होण्याआधीच, मार्च १७३७ मध्ये, चिमाजी आप्पांच्या फौजेनं खाडी ओलांडून ठाणं घेतलं. वसई पडली त्यानंतर दोन वर्षांनी. साष्टीवर इंग्रजांचाही डोळा होता. डिसेंबर १७७४ मध्ये त्यांनी ठाण्याचा किल्ला जिंकला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात बेट त्यांच्याकडेच राहिलं. पुढे किल्ल्याचा तुरुंग झाला. पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे १८१६ मध्ये निसटले ते इथूनच. आजही तिथं मध्यवर्ती कारागृह आहे.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून सुटलेली पहिली आगगाडी ठाण्याला थांबली. पुढं पाणी होतं. खाडीवर पूल होऊन गाडी कल्याणला पोचली ती १ मे १८५४ ला.

खाडीकाठी तिवरांची दाट राई आहे. चेंदणी कोळीवाड्यातल्या जुन्या घरांत जिताडा, बोईट, निवट्या, चिंबोऱ्या ही नावं अजून जिव्हाळ्यानं निघतात, पण कारखान्यांच्या आणि गटारांच्या पाण्यानं खाडीतली मासळी फार कमी झाली. त्याच खाडीत १९९० च्या दशकापासून रोहित पक्षी (फ्लेमिंगो) हजारोंनी उतरू लागले. मैल्यानं पोसलेल्या चिखलात त्यांना हवं ते शेवाळ मुबलक मिळतं. म्हणजे कोळ्याचं जे गेलं त्यातलंच काही या पाखरांना लाभलं. गुलाबी थवे बघताना हे विसरू नये. २०१५ मध्ये खाडीचा सुमारे १,६९० हेक्टर भाग अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये ठाण्याच्या खाडीला रामसर पाणथळीचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला.

बेटाच्या मधोमध येऊर ते बोरिवली असं शंभर चौरस किलोमीटरहून थोडं मोठं राष्ट्रीय उद्यान आहे. तिथल्या बिबट्यांना उत्तरेला तुंगारेश्वरच्या रानात जायचं, तर मध्ये वसईची खाडी. २००९ मध्ये नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेल्या एका वयस्क बिबट्याला गळ्यात माग काढणारा पट्टा बांधून माळशेज घाटात सोडलं होतं. अभ्यासकांनी त्याचं नाव ठेवलं आजोबा. सुमारे १२० किलोमीटर चालत, रूळ आणि महामार्ग ओलांडत तो वसईच्या खाडीपर्यंत आला आणि पोहून साष्टीवर, नागला बंदरच्या रानात शिरला. डिसेंबर २०११ मध्ये महामार्गावर वाहनाच्या धडकेत तो मेला. ओळख पटली ती शेपटीत बसवलेल्या चिपवरून.