आयुक्त कोणाला बांधील? मुंबईच्या १८८८ च्या कायद्यामागची गोष्ट

ऑक्टोबर २०१६ मध्ये नवी मुंबई महापालिकेच्या सभागृहात आयुक्त तुकाराम मुंढे यांच्यावर अविश्वास ठराव आला. १११ पैकी १०४ नगरसेवकांनी ठरावाच्या बाजूने मत दिले, विरोधात अवघी सहा मते पडली. कायद्याला लागतात एकूण सदस्यसंख्येच्या पाच अष्टमांश, म्हणजे इथे ७०. तरीही मुंढे पदावर राहिले आणि पुढच्या मार्चमध्ये त्यांची बदली झाली ती राज्य सरकारच्या आदेशाने. कडक अधिकारी विरुद्ध पुढारी अशीच तेव्हा चर्चा रंगली. मुंढे बरोबर की नगरसेवक, हा वाद वेगळा. एवढ्या मतांनी मंजूर झालेला ठराव कागदावरच राहतो कसा, हे समजून घ्यायचे तर दीडशे वर्षे मागे, मुंबईत जावे लागते.

१८६५ मध्ये सरकारने मुंबईसाठी नवा कायदा केला. शहर ‘जस्टिस ऑफ द पीस’ या सरकारनियुक्त प्रतिष्ठितांच्या मंडळाकडे सोपवले आणि अंमलबजावणीचे सगळे अधिकार एकाच माणसाच्या हाती दिले. तो माणूस म्हणजे म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड. कामाचा झपाटा त्याच्याकडे होताच. गटारे, रस्ते, साफसफाई यांना वेग आला, मंडई उभी राहिली. आजची महात्मा जोतिबा फुले मंडई ती हीच. पण अमेरिकेतले यादवी युद्ध संपताच कापसाचा भाव कोसळला, शेअरबाजार बुडाला आणि शहराच्या तिजोरीला क्रॉफर्डचा खर्च पेलेना. १८७१ मध्ये करदाते खवळून उठले. कमिशनरचे अधिकार काढून ते समितीकडे द्यावेत, असा सूर लागला.

त्या गदारोळात २६ वर्षांचे बॅरिस्टर फिरोजशहा मेहता उलट बाजूने उभे राहिले. फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी मांडलेली भूमिका श्रोत्यांना रुचणारी नव्हती. अंमलबजावणी एकाच जबाबदार अधिकाऱ्याकडे हवी, समितीच्या हाती कारभार गेला की जबाबदारी कोणाचीच उरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. दोष त्यांनी जस्टिस मंडळींना दिला. लक्ष ठेवणे हे ज्यांचे काम, ते कोणाला उत्तर द्यायला बांधील नव्हते. म्हणून मंडळ करदात्यांनी निवडून द्यावे, हा त्यांच्या मांडणीचा दुसरा आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचा भाग. बलवान आयुक्त आणि त्याच्यावर बलवान सभागृह, ही जोडी त्यांना एकत्र हवी होती. आयुक्तशाहीचे समर्थन करताना मेहतांचे नाव घेणारे पहिला भाग सांगतात आणि दुसरा गाळतात.

१८७२ च्या कायद्याने ६४ सदस्यांची कॉर्पोरेशन आली. त्यातले निम्मे करदात्यांनी निवडलेले होते. पुढे १८८७ मध्ये नवे विधेयक आले तेव्हा त्यात कमिशनर आणि सरकार यांचा हात वरचढ होता. मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी कायदेमंडळात ते कलमागून कलम लढवले. १८८८ च्या कायद्यातली भाषा या झगड्याची खूण आहे. कलम ६४ म्हणते की शहराचे म्युनिसिपल शासन कॉर्पोरेशनकडे निहित राहील. तेच कलम पुढे सांगते की कायद्याच्या अंमलबजावणीचा संपूर्ण कार्यकारी अधिकार आयुक्ताकडे राहील, जिथे कायदा सांगेल तिथे सभागृहाची किंवा स्थायी समितीची मंजुरी घेऊन. कॉर्पोरेशन, स्थायी समिती आणि आयुक्त अशी तीन प्राधिकरणे त्यातून उभी राहिली.

एक गाठ मात्र सुटली नाही. आयुक्त नेमणार सरकार. १९१४ पासून अमेरिकेत डेटन शहराने नगर-व्यवस्थापकाची पद्धत चालवली, तिथे व्यवस्थापक नेमते आणि काढते ते निवडून आलेले मंडळच. आपल्याकडे सभागृहाला पाच अष्टमांशाची तरतूद मिळाली, पण नेमणूक आणि बदलीच्या आदेशावर सही मंत्रालयातली. १९४९ च्या कायद्याने हाच साचा पुण्यापासून पुढे इतर महापालिकांना लागला. त्यातल्या कलम ४५१ ने सरकारला सभागृहाचा ठराव निलंबित करून विखंडित, म्हणजे रद्द, करण्याचीही मुभा दिली. पालिकेचे वार्तांकन करणाऱ्याला ‘ठराव विखंडनासाठी पाठवला’ हे वाक्य सवयीचे असते. नगरसेवकांनी शहरहिताला बाधक ठराव केल्याची उदाहरणे आहेत, त्यामुळे तरतूद निराधार म्हणता येणार नाही. पण तिची किल्ली मंत्रालयाकडे असल्याने आयुक्त सभागृहाकडे पाहण्याऐवजी वर पाहतो.

७४ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली. तिने महापालिकांना घटनात्मक दर्जा दिला, पण महापौराला कार्यकारी अधिकार द्यायचे की नाही हे राज्यांवर सोडले. कोलकात्यात महापौर-परिषद, म्हणजे कार्यकारी अधिकार महापौर आणि त्याच्या सहकारी नगरसेवकांकडे देणारी पद्धत, त्याआधीपासून होती. महाराष्ट्राने १९९८ मध्ये ती मुंबई-नागपुरात आणली आणि वर्षभरात गुंडाळली. इतक्या कमी काळात कुठलीच पद्धत रुळत नाही, त्यामुळे ‘प्रयोग फसला’ हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो.

७ मार्च २०२२ रोजी मुंबईच्या नगरसेवकांची मुदत संपली, निवडणूक झाली नाही आणि आयुक्त इक्बालसिंह चहल प्रशासक झाले. एरवी आयुक्त फेब्रुवारीत अर्थसंकल्पाचा मसुदा स्थायी समितीच्या अध्यक्षांना सादर करतो. मग सदस्य आठवडेच्या आठवडे त्यावर बोलतात, उपसूचना देतात, हरकतीचे मुद्दे घेतात. २०२३ मध्ये अतिरिक्त आयुक्तांनी तो प्रशासकांना, म्हणजे आपल्याच वरिष्ठांना सादर केला. तीन प्राधिकरणांचे अधिकार एकाच खुर्चीत आले. १८६५ मध्ये क्रॉफर्डवर निदान जस्टिसांचे मंडळ तरी होते. २०२६ च्या जानेवारीत मतदान होऊन सभागृह परत आले, पण मधल्या काळात हजारो कोटींची कामे एकाही नगरसेवकाच्या मताशिवाय मंजूर झाली होती, आणि १८८८ च्या कायद्यातले आयुक्ताच्या नेमणुकीचे कलम ५४ जिथल्या तिथे आहे.