ड्राय बाल्कनी बंद करण्याआधी

पुण्यात फ्लॅटचं काम काढलं की पहिला डोळा जातो तो स्वयंपाकघराला लागून असलेल्या ड्राय बाल्कनीवर. तिला स्लाइडिंग खिडकी लावू, वॉशिंग मशीनच्या वर कपाट करू, जमलं तर मधली भिंत काढून ओटा लांबवू. कोथरूड असो की वाकड, बेत साधारण हाच. पाइपच्या गॅसचा मीटर बऱ्याच घरांत नेमका त्याच कोपऱ्यात असतो, आणि सुतार माप घ्यायला आला की त्याला सांगितलं जातं, "तो पाइप तेवढा झाकून टाका." माझं आग्रहाचं म्हणणं आहे की तो झाकू नका.

एमएनजीएल (महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेड) ही कंपनी पुण्यात पाइपने जो गॅस पुरवते, तो मुख्यतः मिथेन. मिथेनचा रेणुभार 16, हवेचा सरासरी 29. म्हणजे हा गॅस हवेच्या जेमतेम निम्म्या वजनाचा. गळला की वर चढतो. सिलिंडरमधल्या प्रोपेनचा रेणुभार 44 आणि ब्युटेनचा 58, त्यामुळे तो गॅस फरशीलगत पसरतो. सिलिंडरची सवय असलेल्या घरात ओट्याखालच्या दाराला जाळी ठेवतात, ते अगदी योग्यच. पण पाइपच्या गॅसला बाहेर पडायची वाट वरच्या बाजूला लागते. माळा, फॉल्स सीलिंग, काचेच्या खिडकीवर उरलेला बंद पट्टा, या जागी तो साठतो.

किती साठला की धोका? हवेत मिथेनचं प्रमाण 5 ते 15 टक्के असेल तर एक ठिणगी पुरते. ओट्यावरचा माळा धरा: 6 फूट लांब, 2 फूट खोल, 2 फूट उंच. झाले 24 घनफूट, म्हणजे सुमारे 680 लिटर. त्याचे 5 टक्के म्हणजे फक्त 34 लिटर. शेगडीचा एक बर्नर तासाला साधारण 200 लिटर गॅस जाळतो. तेवढाच गॅस न जळता त्या माळ्यात शिरत राहिला, तर दहा-अकरा मिनिटांत ही रेघ गाठली जाते. उघड्या बाल्कनीत तीच गळती वाऱ्यावर विरून जाते. गळती कळावी म्हणून गॅसमध्ये उग्र वासाचं रसायन मिसळलेलं असतं खरं, पण घट्ट बंद कपाटातला वास आपल्यापर्यंत उशिरा पोचतो.

म्हणून बाल्कनी बंद करायचीच असेल, तर खिडकीच्या वर कायमची उघडी जाळी ठेवा. मीटर आणि त्याच्याआधीचा व्हॉल्व्ह असा हवा की घरातल्या आजींचाही हात स्टूल न घेता पोचेल. वॉशिंग मशीनचा प्लग, इन्व्हर्टर, स्विचबोर्ड त्याच्यापासून लांब. पश्चिमेचं थेट ऊनही टाळलेलं बरं: गॅस 10 अंशांनी तापला की सुमारे 3 टक्के फुगतो, आणि घरचा साधा मीटर आकारमानच मोजतो.

आता पाइपचा मार्ग. घरात येणारा गॅस अवघ्या 21 मिलिबार दाबाचा असतो. या दाबाने पाण्याचा जेमतेम 21 सेंटिमीटर उंचीचा स्तंभ तोलला जातो. एवढ्याशा दाबात उधळपट्टी परवडत नाही. पाइप जितका लांब तितका दाब घटतो, प्रत्येक एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, त्यात भर घालतो. व्यासाचा हिशोब तर फारच कडक आहे: प्रवाह तेवढाच ठेवून व्यास निम्मा केला, तर दाबातली घट साधारण 32 पट होते. शेगडी हॉलच्या बाजूला सरकवली, पाइप फिरवून फिरवून नेला, वर त्याच लाइनवर गॅस गिझर जोडला, की सकाळी गिझर सुरू होताच पोळ्यांची आच मंदावते. (गिझर बाथरूमच्या आत नकोच, कोंदट जागेत अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि त्याला वास नसतो.) भिंत ओलांडायची तर पाइप स्लीव्हमधून, म्हणजे भिंतीत बसवलेल्या मोठ्या नळीतून न्यावा, आणि सांधा भिंतीच्या पोटात येऊ देऊ नये.

ही लाइन नकाशावर ट्रॉल्यांच्या आधी आखून घ्या. पाइप हलवणं नेहमीच्या प्लंबरचं काम नाही. गॅस कंपनीने नेमलेला माणूसच बोलवा. तो मॅनोमीटर लावून दाब टिकतो का ते बघतो, सांध्यांना साबणाचं पाणी लावतो. ही तपासणी सुताराने पहिली फळी ठोकण्याआधी एकदा आणि शेगडी जोडल्यावर पुन्हा करून घ्या. शेगडी सिलिंडरच्या काळातली असेल तर जेट, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणारं बारीक भोकाचं तोंड, बदलून मागा. घनमीटरमागे मिथेनची उष्णता सिलिंडरच्या गॅसच्या निम्म्याहूनही कमी असते, त्यामुळे त्याच्या जेटचं भोक मोठं लागतं.