सतरा सेकंदांची लाट

जूनच्या अखेरीस भाच्याचा फोन आला. सातपूरच्या कंपनीतले चौघे मित्र मिळून बालीला निघाले होते, कुटाच्या किनाऱ्यावर सर्फिंग शिकायला. "मामा, मुद्दाम अमावास्या धरून तिकीट काढलंय. लाटा मोठ्या मिळतील ना?"

हे कुणी सांगितलं म्हणून विचारलं, तर त्याने त्या दिवशीच्या बातमीचा फोटो पाठवला. मुंबईच्या समुद्रात दुपारी साडेचार मीटरहून उंच लाटा उसळणार! ही बातमी दर पावसाळ्यात येते आणि दर पावसाळ्यात चुकीची छापली जाते. तो आकडा लाटेचा नसतोच, भरतीचा असतो. एका ठरलेल्या तळरेषेपासून समुद्राची पातळी किती वर चढेल, एवढंच तो सांगतो. गंगापूर धरणाची पातळी अमुक फुटांवर गेली म्हणजे तेवढ्या फुटांची लाट आली, असं आपण नाशिककर कधी म्हणत नाही. मग समुद्राच्या बाबतीतच का म्हणतो? कोकणातल्या कोळ्यांकडे मोठ्या भरतीला उधाण आणि लहान भरतीला भांग असे दोन स्वच्छ शब्द आहेत, आणि ते दोन्ही भरतीचे आहेत. लाट ही त्यांच्या लेखी वेगळी गोष्ट आहे.

भरती चंद्र-सूर्याच्या ओढीने येते, म्हणून तिचा तिथीशी संबंध. लाट वाऱ्यामुळे उठते, आणि वारा पंचांग बघून वाहत नाही. अमावास्येच्या उधाणाने लाट किनाऱ्यापासून किती अंतरावर फुटेल ते बदलेल, समुद्राला आधीच जोर असेल तर पाणी जास्त आत शिरेल. पण सपाट समुद्रात अमावास्या लाटा उठवू शकत नाही.

हे सगळं सांगितल्यावर भाचा म्हणाला, "मग मला लाटा मिळणार की नाही?" मी त्याला एकच काम दिलं. रोज सकाळी सात वाजता किनाऱ्यावर एका जागी उभं राहून पाच-दहा मिनिटांचा व्हिडिओ काढायचा आणि मला पाठवायचा.

तो व्हिडिओ येईपर्यंत एक गोष्ट नीट समजून घेऊ, कारण ती बहुतेकांच्या मनात उलटी बसलेली असते. गोदावरीला पूर आला की आपण होळकर पुलावर उभे राहून पाणी बघतो. खाली खडक किंवा पायऱ्या बुडालेल्या असतात, तिथे पाण्याचा एक उंचवटा तयार होतो. तासभर बघितलं तरी तो तिथेच असतो, आणि पाणी मात्र त्याच्यातून धडाधडा पुढे जात असतं. नदीत पाणी जातं, लाट थांबते. समुद्रात बरोबर उलट घडतं. लाट जाते, पाणी थांबतं. खोल समुद्रात पाण्याचा कण लाटेबरोबर वर उचलला जातो, थोडा पुढे सरकतो, खाली येतो, मागे जातो आणि जवळजवळ मूळ जागी परततो. गोल फिरतो. जसजसं खाली जावं तसतसं हे वर्तुळ लहान होत जातं, आणि तरंगलांबीच्या, म्हणजे लागोपाठच्या दोन शिखरांमधल्या अंतराच्या, निम्म्या खोलीवर ते जवळपास संपतं. भाच्याच्या पहिल्या व्हिडिओत हे छान दिसलं. लाटा फुटतात त्याच्या पलीकडे तीन-चार जण फळ्यांवर बसून होते. लाट आली की ते वर जायचे, किंचित किनाऱ्याकडे, मग खाली आणि किंचित मागे. लाट निघून गेली तरी माणसं तिथल्या तिथेच.

म्हणजे किनाऱ्यावर जे येतं ते पाणी नव्हे, ऊर्जा. आणि ती लांबून येते.

गंगापूर धरणावर कितीही वारा सुटला तरी पाण्यावर आखूड, चपचप करणाऱ्या लाटा उठतात, कारण वाऱ्याला पाण्यावर धावायला जेमतेम काही किलोमीटर मिळतात. मोठी लाट घडायला तीन गोष्टी लागतात: जोराचा वारा, तो बराच वेळ टिकणं आणि मोकळ्या पाण्याचा लांबलचक पट्टा. हिंदी महासागराच्या दक्षिणेला, ४० ते ६० अंश अक्षांशांमध्ये, तिन्ही भरपूर आहेत. तिथे वादळं एकामागून एक पूर्वेकडे सरकत असतात आणि त्यांना अडवायला जमीन जवळपास नाहीच. बालीचा कुटा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे नैऋत्येकडून येणाऱ्या या लाटा त्याला भेटतात. जून-जुलैमध्ये तिथला वारा आग्नेयेचा, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा. तो लाटेची भिंत जरा जास्त वेळ उभी धरून ठेवतो. सर्फर या महिन्यांत बालीला धावतात ते त्यासाठी.

वादळातून दूरवर निघून आलेल्या या लाटांना सर्फर 'स्वेल' म्हणतात. आता मला ज्या गोष्टीचं वेड आहे तिच्याकडे येतो.

पहिल्या दिवशीच्या व्हिडिओत मी फळीवर बसलेल्या एका मुलीवर नजर ठेवली. मोठ्या लाटांच्या एका जथ्यात ती पाच वेळा शिखरावर गेली. पहिल्या शिखरापासून पाचव्यापर्यंत मधली चार अंतरं, एकूण ६८ सेकंद. म्हणजे दोन शिखरांमध्ये १७ सेकंद. हा झाला आवर्तकाल. दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच काढलेल्या व्हिडिओत चार अंतरांना ५६ सेकंद लागले. आवर्तकाल १४ सेकंद.

या दोन आकड्यांवरून, नाशिकला घरात बसून, वादळ किती लांब झालं ते काढता येतं.

खोल पाण्यात सगळ्या लाटा एका वेगाने जात नाहीत. जितका आवर्तकाल मोठा, तितकी लाट वेगवान. हिशेब सोपा आहे: सेकंदांतला आवर्तकाल गुणिले १.५६, की शिखराचा वेग मीटर प्रति सेकंदात मिळतो. १४ सेकंदांच्या लाटेचं शिखर ताशी सुमारे ७९ किलोमीटरने धावतं आणि तिची तरंगलांबी ३०० मीटरहून जास्त भरते. धरणातल्या चपचप लाटेपुढे ही वेगळीच जात आहे. पण लाटांचा जथा, म्हणजे खरी ऊर्जा, शिखराच्या निम्म्याच वेगाने पुढे सरकते. निम्म्याच का, हे विद्यार्थी असताना मला कळायला फार दिवस लागले होते.

त्र्यंबकेश्वराहून निघालेली निवृत्तिनाथांची पालखी डोळ्यांसमोर आणा. दिंडी संथ चालली आहे. समजा त्यातला प्रत्येक वारकरी दिंडीच्या दुप्पट वेगाने चालतो, मागून निघून सगळ्यांना ओलांडत पुढे येतो, आणि अगदी टोकाला पोहोचला की बाजूला होऊन बसतो. तेवढ्यात शेपटाला नवा वारकरी उभा राहतो. दिंडी आपल्या चालीने जात राहते, तिच्यातली माणसं मात्र सारखी बदलत असतात. लाटांच्या जथ्यात हेच होतं. सर्वांत पुढची लाट शांत पाण्यात शिरते. तिथल्या पाण्याला गोल फिरवायचं तर गतिज ऊर्जा हवी. लाटेच्या ऊर्जेचे दोन सारखे भाग असतात. पाणी उंच-सखल झाल्याची स्थितिज ऊर्जा आकाराबरोबर पुढे जाते, फिरणाऱ्या पाण्याची गतिज ऊर्जा मागे राहते. म्हणून पुढची लाट निम्म्या भांडवलावर नव्या पाण्यात उतरते आणि विरत जाते. मागे राहिलेल्या ऊर्जेतून शेपटाला नवी लाट उठते. गंगापूरच्या बोट क्लबजवळ शांत पाण्यात मोठा धोंडा टाकून बघा. पसरणाऱ्या कड्याच्या आतल्या काठावर बारीक लाटा जन्मतात, कड्यातून पुढे सरकतात आणि बाहेरच्या काठावर नाहीशा होतात. धोंडा मोठाच हवा. खड्याने उठणाऱ्या दोन सेंटिमीटरहून आखूड तरंगांवर पृष्ठताणाचं राज्य असतं, तिथे सगळं उलटं दिसतं.

आता हिशेब. १७ सेकंदांच्या लाटांचा जथा ताशी ४७.८ किलोमीटरने जातो, म्हणजे एका किलोमीटरला ७५.३ सेकंद. १४ सेकंदांचा जथा ताशी ३९.३ ने, म्हणजे किलोमीटरला ९१.६ सेकंद. दोघे एकाच वादळातून एकाच वेळी निघाले असं धरलं, तर दर किलोमीटरला दुसरा १६.३ सेकंदांनी मागे पडत जातो. कुटाला तो एक दिवस, म्हणजे ८६,४०० सेकंद मागे पडलेला आहे. ८६,४०० भागिले १६.३. उत्तर ५,३०० किलोमीटर.

नकाशावर कुटापासून नैऋत्येला तेवढं अंतर मोजलं की बोट दक्षिण हिंदी महासागरातल्या केर्गुलेन बेटांच्या पूर्वेला, हिमनगांच्या वाटेजवळ टेकतं. पहिल्या जथ्याला एवढा प्रवास करायला साधारण ४ दिवस १५ तास लागले. भाचा नाशिकला बॅग भरत होता तेव्हा त्याची लाट निघालेली होती.

हे शास्त्र नवं नाही. वॉल्टर मंक या अमेरिकन समुद्रशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत, पॅसिफिक महासागराच्या आरपार, लाटा मोजणारी केंद्रं मांडली होती. अंटार्क्टिकाजवळच्या वादळांतून निघालेल्या लाटा १०,००० किलोमीटरहून जास्त अंतर कापून अलास्काला पोहोचताना त्यांनी टिपल्या. लाटांची ऊर्जा जी काही कमी होते ती बहुतेक वादळाच्या आसपासच, पुढच्या प्रवासात ती फारशी खर्चच होत नाही, असं त्यांना आढळलं. याच मंक यांनी दुसऱ्या महायुद्धात सैन्य किनाऱ्यावर उतरवण्यासाठी लाटांचे अंदाज बांधण्याची पद्धत बसवली होती. आपल्याकडे हैदराबादची इन्कॉइस ही संस्था आज हेच काम करते. केरळच्या किनाऱ्यावर स्वच्छ हवेत, वारा नसताना अचानक समुद्र आत घुसतो. तिथले कोळी त्याला कल्लक्कडल म्हणतात, चोरासारखा आलेला समुद्र. तो चोरही याच दक्षिणेतल्या वादळांतून निघालेला असतो.

आणि हे एवढं लांबून आलेलं असतं तरी किती? दीड मीटर उंचीची, १५ सेकंदांची स्वेल दर मीटर रुंदीमागे साधारण १७ किलोवॅट शक्ती घेऊन येते. द्राक्षबागेला पाणी देणाऱ्या पाच एचपीच्या चार मोटारी, किनाऱ्याच्या प्रत्येक मीटरवर, अखंड चालू.

किनाऱ्याजवळ तळ वर येतो आणि लाट मंदावते. आवर्तकाल मात्र बदलत नाही, म्हणून तर घड्याळ लावता येतं. दोन मीटर खोलीवर तिचा वेग ताशी १६ किलोमीटरवर येतो. मागून येणारी ऊर्जा कमी जागेत दाटते, लाट उंच आणि आखूड होते. आता लाटेचा वेग फक्त खोलीवर ठरत असतो. शिखराखाली पाणी जास्त, पुढच्या खळग्यात कमी, म्हणून शिखर खळग्याहून वेगाने धावतं आणि त्याच्यावर कोसळतं. लाटेची उंची खोलीच्या सुमारे ०.७८ पट झाली की ती फुटते. लाटेचे पाय तळाला घासून अडखळतात असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. घर्षणाचा वाटा यात अगदी थोडा आहे.

सर्फरला ही लाट ढकलत नाही. तो तिच्या उतारावरून गुरुत्वाने घसरतो, आणि तो खाली जातो तितकाच उतार खालून वर उचलला जातो. हात मारून १६ किलोमीटरचा वेग गाठणं कुणालाच शक्य नाही, म्हणून भिंत पुरेशी उभी होण्याची ती एक वेळ पकडावी लागते. भाच्याला ती दुसऱ्या दिवशी दोनदा सापडली.

कुटा हा बीच ब्रेक आहे, म्हणजे लाट प्रवाळावर किंवा खडकावर न फुटता वाळूच्या दांड्यावर फुटते. पडलं तर वाळूत पडतो, म्हणून शिकणाऱ्यांना बरा. पण हे दांडे सरकते असतात, आणि त्यांच्या मधल्या फटींमध्ये खरा धोका असतो. लाट फुटली की मात्र पाणीही पुढे फेकलं जातं, आणि दांड्यावरून आत आलेलं हे पाणी कुठून तरी परत जायला हवं. ते फटीतून समुद्राकडे धावतं, कधीकधी ताशी ७ किलोमीटरहून वेगाने. त्याला रिप करंट म्हणतात. दोन्ही बाजूंना फेस आणि मध्ये गडद, शांत पाण्याचा पट्टा दिसतो, आणि नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो.

शेजारच्या जावा बेटावर, पारांगत्रितिसच्या किनाऱ्यावर हिरवे कपडे घालून जाऊ नये अशी श्रद्धा आहे. दक्षिण समुद्राच्या राणीचा तो रंग, ती माणसाला ओढून नेते म्हणे. त्या किनाऱ्यावर माणसं खरोखर बुडतात, पण रिप करंटमुळे, कपडे कुठल्याही रंगाचे असोत. आपल्याकडेही सहलीला गेलेली मुलं बुडाली की 'समुद्र दरवर्षी बळी घेतो' असं बोललं जातं. या वाक्याचा मला मनापासून राग येतो, कारण ते बोलून झालं की पुढे कुणी काही शिकत नाही. रिपमध्ये सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नका, दमून बुडाल. तरंगत राहा, हात वर करा, किनाऱ्याला समांतर पोहत फेसाच्या बाजूला या. हा पट्टा अरुंद असतो. नाशिकहून अलिबाग, हरिहरेश्वर, गणपतीपुळ्याला निघणाऱ्या प्रत्येक बसमध्ये हे सांगितलं गेलं पाहिजे.

दुसऱ्या रात्री मी भाच्याला कळवलं: उद्या सकाळी १२ सेकंदांच्या आसपास येईल. १२ सेकंदांचा जथा ताशी ३३.७ किलोमीटरने जातो, ५,३०० किलोमीटरवर तो १४ सेकंदांच्या जथ्यामागे साडेबावीस तासांनी पोहोचायला हवा होता. सकाळी इथे पाऊस लागला होता आणि नेट रडत होतं, त्यामुळे व्हिडिओ उतरायला दहा वाजले. तीच मुलगी त्याच जागी फळीवर बसली होती. चार अंतरं, ४९ सेकंद.